कोई तळ्याचा फिल्टर, शेवटी काय ठरलं

कोई, म्हणजे शोभेचे रंगीत मासे, त्यांच्या तळ्याच्या फिल्टरचं आज एकदाचं नक्की झालं. ग्रॅव्हिटीवर चालणारा, म्हणजे तळ्यातलं पाणी आपसूक वाहत येईल असा सिव्ह (घाण गाळणारी वाकडी जाळी), त्याच्यामागे मूव्हिंग बेड (अमोनिया संपवणाऱ्या बॅक्टेरियांचं चेंबर), आणि शेवटी बारीक गाळ धरायला मॅटचं एक चेंबर. ड्रम (स्वतःला धुणारी गोल फिरती जाळी) सध्या नाही, बीड फिल्टर (प्लॅस्टिकच्या मण्यांनी भरलेली बंद टाकी) तर नाहीच. किती दिवस डोक्यात हेच चाललं होतं, आता ठरलंय तर का ठरलं तेही लिहून ठेवते, पुढे काही बदलायची वेळ आली तर हाताशी असेल.

खड्डा खणून तयार आहे, साधारण ४ मीटर बाय अडीच, खोली दीड मीटर, म्हणजे काठोकाठ भरलं तर १५,००० लिटर. लायनर, म्हणजे पाणी धरून ठेवणारी शीट, अजून अंथरलेला नाही आणि म्हणूनच घाई, कारण बॉटम ड्रेनचा, म्हणजे तळातला गाळ बाहेर नेणारा पाइप लायनरच्या खालून जातो, एकदा लायनर पडून पाणी भरलं की मग ते काम म्हणजे सगळं तळं परत रिकामं करणं. बरेच जण तळं आधी बांधतात, मासे सोडतात आणि फिल्टरचा विचार पाणी हिरवं झालं की सुरू होतो. तोवर तळातल्या गाळाला बाहेर जायला वाटच ठेवलेली नसते, मग पंपच तळाशी ठेवावा लागतो.

त्याने काय होतं ते मध्यंतरी एका ओळखीच्यांकडे नीट बघायला मिळालं. पाणी इतकं स्वच्छ की तळाचा खडा न् खडा दिसत होता. मी काठावर बसून एकाच माशावर लक्ष ठेवलं, चांगला हातभर लांब कोहाकू, पांढऱ्या अंगावर लाल पट्टे. त्याची विष्ठा सुटली, तपकिरी, लांबट, अख्खी, सावकाश खाली गेली आणि तळाला टेकली. तेवढ्यात दुसरा मासा चरत चरत तिथे आला, त्याच्या शेपटीचा एक फटका बसला आणि क्षणात तिचा धूर झाला, आणि तो धूर सरळ पंपाकडे ओढला गेला. पंपाच्या पात्यातून गेल्यावर जे काही उरलं असेल ते पण भुकटी होऊन फिल्टरमध्ये. मग त्यांनी फिल्टरचं झाकण उघडून दाखवलं. ब्रशच्या ओळी, प्रत्येक ब्रशवर काळपट गाळाचा थर, एक ब्रश उचलला तर निम्मा गाळ तिथल्या तिथे पाण्यात विरघळला आणि कुजका वास आला. वरून पाणी नितळ, मासे पण दिसायला छान, पण तळ्यातलं सगळं पाणी दिवसभर त्या गाळातून फिरून परत माशांकडेच येतंय.

तिथेच मला पटलं की घाण फिल्टरमध्ये अडकली म्हणजे ती पाण्याबाहेर गेली असं होत नाही. ती अजून त्याच पाण्यात आहे, फक्त डोळ्याआड आहे. तिथे ती कुजते, ऑक्सिजन खाते, अमोनिया सोडते. तेव्हापासून कुठलाही फिल्टर बघितला की मी पहिला प्रश्न हाच विचारते, यातली घाण पाण्यातून बाहेर कधी जाते आणि कोण काढतं.

अमोनियाचं गणित पण मांडून बघितलं. माशाचा बराचसा अमोनिया कल्ल्यांमधून थेट पाण्यात जातो, तो कुठल्याच जाळीला सापडत नाही. ४० टक्के प्रथिनांचं खाद्य धरलं तर १०० ग्रॅम खाद्यामागे साधारण ३ ते ४ ग्रॅम अमोनिया. म्हणजे बॅक्टेरियाला काम किती हे माशांच्या संख्येपेक्षा आपण डबा किती वेळा उघडतो यावर ठरतं. बरं, तोच अमोनिया प्रत्येक पाण्यात सारखा घातक नसतो, २५ अंश तापमान आणि पीएच ७ असेल तर त्यातला विषारी भाग एक टक्क्याच्या आत राहतो, पीएच ८ झाला की ५ टक्क्यांच्या आसपास आणि ९ ला तर एक तृतीयांशाच्या वर. शेवाळ जास्त असलेल्या तळ्यात दुपारी पीएच चढतो, त्यामुळे सकाळी टेस्ट करून सगळं ठीक म्हणायचं आणि दुपारी मासे सुस्त, असं होऊ शकतं. टेस्ट किट घेताना पीएच आणि केएच (पाण्यातला कार्बोनेटचा साठा, जो पीएच स्थिर ठेवतो) दोन्ही हवंच, कारण बॅक्टेरिया काम करताना केएच खातात आणि तो संपला की पीएच एकदम कोसळतो.

हे बॅक्टेरिया म्हणजे दोन टप्प्यांचं काम, आधी अमोनियाचं नायट्राइट आणि मग नायट्राइटचं नायट्रेट. पहिले दोन्ही माशांना विष, नायट्रेट त्या मानाने सौम्य, ते थोडं थोडं पाणी बदलून कमी करायचं. यांना मुख्य म्हणजे दोन गोष्टी लागतात, चिकटून बसायला जागा आणि भरपूर ऑक्सिजन. आणि यांच्या अंगावर गाळ बसलेला यांना चालत नाही, म्हणून गाळ आधी काढायचा आणि मग पाणी यांच्याकडे न्यायचं, हा क्रम काही केल्या उलटा करायचा नाही. मूव्हिंग बेड मला आवडला तो याचसाठी, चाकासारखे छोटे प्लॅस्टिकचे तुकडे एअर पंपाच्या बुडबुड्यांवर सतत घुसळत राहतात, एकमेकांवर घासून वरचा जुना थर आपोआप निघतो, धुवावं लागत नाही. चेंबर निम्मं किंवा थोडं जास्त भरायचं, गच्च भरलं तर फिरणार कसं. फक्त तो गाळ धरत नाही, म्हणून त्याच्यामागे मॅट.

आता सिव्ह का, ड्रम का नाही. ड्रमची जाळी ६०-७० मायक्रॉनची असते, सिव्हची २०० ते ३००, म्हणजे बारीक पकडण्यात ड्रम कितीतरी पुढे, आणि तो स्वतःची जाळी स्वतः धुतो, घाण थेट ड्रेनला. वस्तू म्हणून ड्रमच सरस, यात मला शंका नाही. पण त्याला धुवायला दाबाचं पाणी लागतं, फ्लोट, कंट्रोलर, मोटर, नोझल, यातलं काही एक अडलं की जाळी तुंबते. सिव्हमध्ये हलणारं फारसं काही नाही. पाणी वाकड्या जाळीवरून खाली जातं, घाण वर राहते, रोज जाळी पुसून घ्यायची की झालं. आणि खरं सांगायचं तर मला ते रोज बघायचंच आहे. माशांना खायला घालायला रोज जाणारच, तेव्हा जाळीवर काय आलंय ते दिसतं, न खाल्लेल्या गोळ्या आल्या तर खाद्य जास्त होतंय, विष्ठा पांढरी लडबडीत आली तर कुणाचं तरी बिनसलंय. ड्रम ही सगळी बातमी परस्पर गटारात पाठवतो. पुढे मासे ६०-७० सेंटिमीटरचे झाले, खाद्य वाढलं आणि सिव्ह कमी पडला तर त्याच जागी ड्रम बसेल असं चेंबर मोठं ठेवलंय.

बीड फिल्टरवर पण बराच विचार केला, जागा कमी लागते, बॅकवॉशचा (उलटं पाणी सोडून धुण्याचा) दांडा फिरवला की गाळ बाहेर. पण तो बंद आणि दाबावर चालणारा, पंपाला सतत जोर लावावा लागतो. पंप चोवीस तास चालतो हे लक्षात ठेवलं पाहिजे, फक्त १०० वॉट जास्त लागले तरी वर्षाला ८७६ युनिट होतात. आणि वीज गेली की बंद टाकीतल्या बॅक्टेरियांना ऑक्सिजन मिळत नाही, काही तासांत आतलं पाणी सडायला लागतं, वीज आल्यावर तेच पाणी तळ्यात गेलं तर माशांचं काही खरं नाही. उघड्या मूव्हिंग बेडला निदान बॅटरीवरच्या छोट्या एअर पंपाने जिवंत ठेवता येतं. तो बॅटरीचा एअर पंप यादीत सगळ्यात वर लिहिलाय.

यूव्ही दिवा घेतेय पण त्याच्याकडून एकच अपेक्षा, पाण्याचा हिरवेपणा जावा. तरंगणारं शेवाळ तो मारतो, दगडाला चिकटलेलं लांब केसाळ शेवाळ त्याच्यापर्यंत पोचतच नाही, आणि अमोनियाशी त्याचा काही संबंध नाही. यूव्ही बसवलाय म्हणजे फिल्टर झाला, असं समजून माशांचे हाल केलेले बघितलेत, राग येतो.

पाणी किती वेगाने फिरवायचं यावर सगळ्यांची मतं वेगळी, मी दीड तासात एक फेरी धरतेय, म्हणजे ताशी १०,००० लिटर, आणि हा आकडा पंपाच्या खोक्यावरचा नाही, पाइप, वळणं आणि उंची वजा जाऊन प्रत्यक्ष तळ्यात पडेल तो. ग्रॅव्हिटीमुळे फिल्टर तळ्याच्याच पातळीला येतो, पंप सगळ्यात शेवटी, घाण पात्यात न जाता अख्खी सिव्हवर येते, त्या ओळखीच्यांकडे जे बघितलं त्याच्या बरोबर उलट. त्यासाठी फिल्टरचा खड्डा वेगळा खणावा लागतोय, ते काम वाढलं, पण ते आत्ताच होऊ शकतं.

मासे आणायची घाई नाही हे पण घरात सगळ्यांना सांगून ठेवलंय. बॅक्टेरिया बसायला ४ ते ६ आठवडे लागतात, थंडीत त्याहून जास्त. आधी दोन-चार मासेच, खाद्य अगदी कमी, अमोनिया आणि नायट्राइट शून्यावर टिकतायत असं दिसलं की मग बाकीचे. नळाचं पाणी घालताना क्लोरीन काढूनच घालायचं, आणि मॅट धुवायची ती तळ्याच्याच पाण्यात, नळाखाली धरली तर इतक्या दिवसांचे बॅक्टेरिया गेलेच.

उद्या पाइपचं काम. ११० मिलीमीटरचा एक बॉटम ड्रेनचा, एक स्किमरचा (पाण्यावर तरंगणारा कचरा ओढणारा), दोन्ही वेगवेगळे सिव्हपर्यंत, प्रत्येकावर आपापला व्हॉल्व्ह. काटकोनाचा एल्बो कुठेच नको, ४५ चे दोन लावायचे, आणि मधे कुठे पाइप उंच उचलला जाणार नाही याकडे स्वतः उभं राहून बघायचं, कारण तिथे हवा अडकली की ग्रॅव्हिटीची लाइन बसलीच. गाळाच्या चेंबरचं ड्रेन बागेतल्या झाडांकडे वळवता येतंय का ते पण मोजून घ्यायचंय, उतार पुरेसा वाटतोय.