सेको व्ही१७५ सोलर क्रोनोग्राफ डायव्हर: रोजच्या वापरातल्या नोंदी

घड्याळ सेकोच्या एसएससी मालिकेतलं, क्रोनोग्राफ म्हणजे स्टॉपवॉच असलेलं आणि डायव्हर म्हणजे पाण्यात बुडी मारायला बनवलेलं. केस ४३.५ मिमी, पट्ट्याची जागा २० मिमी, हार्डलेक्स (सेकोची कडक केलेली) काच, स्क्रूने बसणारी चावी, तबकडीवर २०० मीटर पाण्याची खूण. आत व्ही१७५: उजेडावर चालणारं क्वार्ट्झ मशीन, ६० मिनिटांचं स्टॉपवॉच १/५ सेकंदाच्या टप्प्याने, २४ तासांचा छोटा काटा आणि तारीख. खोल पाण्यात हे घड्याळ फार थोडे लोक नेतात. आपल्याकडे त्याची खरी परीक्षा मे महिना, घाम आणि अंघोळीचा साबण घेतात, म्हणून नोंदीही त्याच अंगाने केल्या आहेत.

चेन आणि पिना

चेनच्या कड्या काढताना आतल्या बाजूचा बाण पाहायचा. पिन बाणाच्या दिशेने बाहेर ढकलायची, परत बसवताना उलट दिशेने आत. पिन निघाल्यावर दोन-तीन मिलिमीटरची बारीक नळी खाली पडली, तर ती कचरा समजून झाडू नका. ती कॉलर आहे, पिन तिच्याच पकडीवर टिकते. कॉलर हरवून नुसती पिन ठोकली की काही दिवसांत ती सरकून बाहेर डोकावते आणि एक दिवस घड्याळ हातातून सुटतं. काम पांढऱ्या टॉवेलवर करावं म्हणजे नळी सापडते. बकलच्या दोन्ही बाजूंच्या कड्या शक्यतो सारख्याच काढा, नाहीतर बकल मनगटाच्या कडेला येतं आणि लॅपटॉपवर टाइप करताना टोचतं.

पट्टा बदलणाऱ्यांसाठी: सेकोच्या डायव्हरांत सहसा २.५ मिमी जाडीचे, १.१ मिमी टोकांचे स्प्रिंग बार (पट्टा केसला धरणाऱ्या दांड्या) असतात. कोपऱ्यावरच्या दुकानात मिळणारी बारीक पिन त्या भोकात बसते, पण खेळते. मूळ बारच वापरावेत. त्यामुळे नाटो पट्टा (बारखालून ओवायचा सलग कापडी पट्टा) आत घालायला थोडा घट्ट जातो, तेवढं सोसावं.

वेळ लावणं आणि काटे शून्यावर आणणं

चावी परत बसवताना आधी हलकी दाबून उलटी फिरवा, पेच जागेवर बसल्याचा बारीक ठोका लागतो. मग सुलटी फिरवा. सरळ दाबून पिळली तर पेच तिरका चढतो आणि २०० मीटर फक्त तबकडीवर उरतात.

तारीख रात्री ९ ते १ या वेळात बदलायची नाही, तेव्हा तारखेचे दाते गुंतलेले असतात. मिनिटकाटा हव्या वेळेच्या चार-पाच मिनिटं पुढे नेऊन मग मागे आणायचा. दात्यांमधली ढील निघते, नाहीतर वेळ लावल्यावर पहिली काही मिनिटं काटा जागचा हलत नाही. तारीख दुपारी बदलत असेल तर घड्याळ बिघडलेलं नाही, १२ तास मागेपुढे लागलंय. २४ तासांचा छोटा काटा याच कामाचा आहे.

स्टॉपवॉचचा काटा १२ वर न थांबता बाजूला थांबत असेल (धक्क्याने किंवा चार्ज पूर्ण संपल्यावर असं होतं), तर चावी दुसऱ्या टप्प्यापर्यंत ओढा आणि ए बटण (चावीच्या वरचं) दोन सेकंद दाबून धरा. जो काटा पूर्ण फेरी मारेल तो निवडला गेला. बी बटणाने (चावीच्या खालच्या) तो एकेक घर सरकवून शून्यावर आणा, दाबून धरलं तर भराभर सरकतो. पुन्हा ए दोन सेकंद, म्हणजे पुढचा काटा. शेवटी चावी आत. हे घरी होणारं काम आहे, दुकानात पैसे देऊ नका.

मागेपुढे किती जातं

कंपनीचा दावा महिन्याला ±१५ सेकंद. पण तो ५ ते ३५ अंश तापमानात, मनगटावर घातलेल्या घड्याळाचा आहे. हा दुसरा भाग कोणी वाचत नाही आणि उन्हाळ्यातल्या सगळ्या तक्रारी तिथूनच येतात.

घड्याळातला क्वार्ट्झ स्फटिकाचा चिमट्यासारखा तुकडा ३२,७६८ हर्ट्झवर कंप पावतो. साधारण २५ अंशांवर त्याची गती सगळ्यात जास्त असते. तापमान त्याच्या वर जावो की खाली, तो मंदच होतो. फरक अंशांच्या वर्गाच्या पटीत वाढतो, एका वर्ग-अंशाला सुमारे ०.०३४ पीपीएम (दहा लाखांतले भाग). ३० दिवसांत १ पीपीएम म्हणजे २.६ सेकंद.

आता हिशोब. मनगटावर ३० अंश धरले तर फरक ५ अंशांचा, ०.८५ पीपीएम, महिन्याला जेमतेम २ सेकंद मागे. तेच घड्याळ नागपूर-चंद्रपूरकडे मे महिन्यात ४२ अंशांच्या खोलीत टेबलावर सतत पडून राहिलं तर फरक १७ अंश, ९.८ पीपीएम, महिन्याला २५ सेकंद मागे. २५ अंशांवर महिन्याला ८ सेकंद पुढे जाणारं घड्याळ असं १७ सेकंद मागे पडेल आणि मालक म्हणेल मशीन गेलं. उलट एसीत १८ अंशांवर रात्री काढून ठेवलं तर फक्त त्या तासांपुरता फरक पडतो, महिन्याकाठी दीड सेकंदाच्या आसपास. थोडक्यात, रोज घातलेलं क्वार्ट्झ कपाटातल्यापेक्षा नेमकं चालतं.

मोजताना एका दिवसाचा फरक पाहण्यात अर्थ नाही, तो नजरेच्या चुकीपेक्षा लहान असतो. नेटवर्कची वेळ दाखवणारा फोन आणि घड्याळ शेजारी ठेवून दहा सेकंदांचा व्हिडिओ घ्यायचा, चौकट चौकट पाहून फरक लिहायचा. तोच प्रकार तीस दिवसांनी. शेजारी महिना आणि घड्याळ बहुतेक कुठे होतं (हातावर, टेबलावर, कपाटात) एवढं लिहिलं तरी पुरे.

फरक काही मिनिटांचा असेल तर तापमान नव्हे, चुंबक शोधा. फोन कव्हरचं झाकण, लॅपटॉपचा स्पीकर, पर्सचं बटण. डायव्हर घड्याळांच्या आयएसओ ६४२५ मानकात ४,८०० अँपिअर प्रति मीटर क्षेत्राची चाचणी आहे, पण चुंबकाला चिकटून ठेवलं तर तेवढं संरक्षण पुरत नाही. मोटर ठोके चुकवते, चुंबक दूर केला की पुन्हा नीट चालते. वेळ लावून घ्या आणि ठेवायची जागा बदला.

चार्ज

पूर्ण चार्जवर सहा महिने. ऑफिसातला उजेड ५००-७०० लक्स (उजेडाचं माप), भर ऊन १,००,००० च्या घरात. उन्हातली काही मिनिटं ऑफिसातल्या तासांना भारी पडतात ती यामुळे. पावसाळ्यात अडचण होते ती पूर्ण बाह्यांच्या शर्टाची आणि रेनकोटची: घड्याळ हातावर असतं, पण उजेड दिसत नाही. ढगाळ दिवशीही खिडकीत तबकडी बाहेर करून ठेवलं तर भागतं.

छोटा सेकंदकाटा दोन-दोन सेकंदांनी उडी मारू लागला की चार्ज संपत आलाय. या अवस्थेत स्टॉपवॉच सुरू होत नाही, चालू असेल तर थांबून शून्यावर येतं. बटण खराब झालं म्हणून लगेच दुकान गाठू नका. पूर्ण बंद पडलेल्याला मात्र थोडा उजेड दाखवून हातात घालू नये. काटे हलले तरी साठा नसतो, संध्याकाळी पुन्हा बंद. काही तास उजेडात जाऊ द्या.

गाडीच्या डॅशबोर्डवर चार्ज करायचा मोह टाळा. उभ्या गाडीत तिथे ६० अंशांच्या वर तापमान जातं, त्यात सेल आणि गॅस्केट (पाणी अडवणारी रबरी रिंग) दोन्ही बिघडतात. टेबललॅम्पच्या पिवळ्या दिव्याखाली अगदी जवळ ठेवणं हाही तसलाच प्रकार.

पाणी

आयएसओ ६४२५ प्रमाणे २०० मीटरच्या घड्याळावर सव्वापट दाब, म्हणजे २५ बार देऊन पाहतात. बादलीतलं पाणी त्यापुढे काहीच नाही. तरीही गरम पाण्याने अंघोळ करताना ते काढावं. साबण रबराच्या कडेला पाणी शिरायला मदत करतो आणि तापून मग गार झालेलं घड्याळ आतली हवा आकसताना बाहेरचं ओढू पाहतं. गॅस्केट ताजं असताना काही होत नाही. पाच वर्षांनी होतं.

क्रोनोग्राफमध्ये चावीखेरीज आणखी दोन भोकं असतात, बटणांची. बटणाची दांडी दाबताना आतबाहेर सरकते आणि तिच्याभोवती एवढीशी रबरी रिंग. पाण्याखाली किंवा ओल्या घड्याळावर बटणं दाबायची नाहीत, ती याच कारणासाठी. मालवण-तारकर्लीला बुडी मारताना वेळ बेझलवर (काचेभोवतीच्या फिरत्या कड्यावर) लावा, स्टॉपवॉचला हात नको.

समुद्रातून आल्यावर चावी घट्ट आहे हे पाहून गोड्या पाण्यात दहा मिनिटं बुडवा, बेझल तीन-चार फेऱ्या फिरवा, मऊ टूथब्रश मारा. बेझल जड लागलं तर बहुतेक वेळा वाळू आणि साबणाचा चिकटा असतो. त्यात तेल सोडू नका, ते आणखी धूळ धरतं.

आत ओल आहे का हे घरी कळतं. हातावरून काढलेल्या कोमट घड्याळाच्या काचेवर बर्फाचा खडा मिनिटभर ठेवा आणि पुसा. आतून धुकं दिसलं तर त्याच दिवशी उघडून वाळवावं लागेल. तांदळात ठेवून आतली वाफ बाहेर येत नाही.

स्टॉपवॉच की बेझल

६० मिनिटं झाली की हे स्टॉपवॉच आपोआप थांबतं. पार्किंगला दीड तास लागला तर परत आल्यावर त्यात काहीच कळत नाही. कुकर, चहा, व्यायामाचे सेट यांना बटण, गाडीला आणि लोकलला बेझल. बेझल एकाच दिशेने फिरतं, चुकून धक्का लागला तर वेळ जास्त झाल्याचं दाखवतं, कमी नाही.

सोलर नको असेल तर

जुन्या ७टी९२ मशीनचे सेको क्रोनोग्राफ अजून मिळतात. त्यात एसआर९२७डब्ल्यू, म्हणजे ३९९ नंबरचा सिल्व्हर ऑक्साइड सेल लागतो. त्याच मापाचा स्वस्त अल्कलाइन सेल बसतो, पण त्याचा व्होल्टेज हळूहळू उतरत जातो आणि फुटला तर सर्किट खातो. सेल बदलल्यावर धातूच्या चिमट्याने मशीनवरची एसी (AC) लिहिलेली खूण आणि सेलची धन बाजू क्षणभर जोडायची. ही पायरी राहिली की काटे वेडेवाकडे फिरतात आणि दुकानदार मशीन बदला म्हणतो.

झाकण एकदा उघडलं की गॅस्केट काढून पाहा. चपटं झालं असेल तर नवीन, ठीक असेल तर सिलिकॉन ग्रीसचा पुसट हात, लोंदा नव्हे. त्यानंतर कोरड्या हवेच्या मशीनवर दाब-चाचणी. ती ज्या दुकानात होत नाही तिथे सेल बदलून घेतला, तर घड्याळ तोवर फक्त पावसाचं आहे असं धरा, पोहायचं नाही.