गॅसवर कढत, विजेवर गार: ६ गॅलनच्या आरव्ही हीटरची नोंद

आरव्हीतला (चाकांवरच्या घरातला) पाणी तापवायचा हीटर टाकीवाला, ६ गॅलनचा म्हणजे जवळजवळ २३ लिटरचा, गॅस आणि १२० व्होल्ट दोन्हीवर चालणारा. टाकी स्टीलची, त्यामुळे अ‍ॅनोड रॉड (टाकीऐवजी स्वतः गंजणारी धातूची कांडी) आहे. गॅसवर पाणी कढत येतं, विजेवर दोन तासांनीही गारच. म्हणजे टाकीत पाणी आहे आणि पाइपांत काही घोळ नाही. या हीटरमध्ये गॅससाठी वेगळी आणि विजेसाठी वेगळी जोडी असते (थर्मोस्टॅट आणि पाणी अति तापल्यास उडणारं सुरक्षा म्हणजे रिसेट बटण), त्यामुळे गॅसच्या बाजूला हात लावायचं कारणच नाही.

फेरा १

पाटीवर १४४० वॅट लिहिलंय. १२० व्होल्टवर याचा अर्थ १२ अँपिअर आणि एलिमेंटचा (पाणी तापवणाऱ्या विजेच्या दांडीचा) रेझिस्टन्स १० ओहम. हे दोन आकडे खडूने झाकणाच्या आत लिहून ठेवले, पुढे सारखे लागतात.

ब्रेकर पूर्ण बंद करून परत चढवला, कारण ट्रिप झालेला ब्रेकर कधीकधी मध्येच अडकतो आणि वरून चालूच दिसतो. आतल्या पॅनेलचं बटण चालू. बाहेरच्या झाकणाआड गॅसच्या नळीमागे दडलेला छोटा काळा स्विचही चालू. नवीन आरव्ही घेणाऱ्यांना हा दुसरा स्विच महिनोन्महिने सापडत नाही. रबरी टोपीखालची दोन्ही रिसेट बटणं दाबली, 'टिक' आलं नाही. म्हणजे ती उडालेलीच नव्हती.

एलिमेंटच्या टोकांवर ११७ व्होल्ट मिळाले, पण क्लॅम्प मीटरवर (वायरीभोवती चिमटा लावून करंट मोजणाऱ्या मीटरवर) शून्य अँपिअर. वीज दारापर्यंत येते, आत जात नाही. ब्रेकर बंद केला, शोर केबल (बाहेरून आरव्हीला वीज देणारी) काढली, एलिमेंटच्या दोन्ही वायरी सोडवून ओहम मोजले: सर्किट तुटलेलं. टोक ते टाकीचं धातू, तेही ओपन. इथे मीटर हललं असतं तर एलिमेंटचं कवच फुटून गळती होतेय असं समजायचं. तसलं एलिमेंट पाणी तापवतं, पण कॅम्पग्राउंडच्या खांबावरचा जीएफसीआय (गळती दिसताच वीज तोडणारा स्विच) उडवत राहतं. कधीकधी तर हीटरचा स्विच बंद असतानाही उडवतं, कारण स्विच फक्त फेज तोडतो, न्यूट्रल जोडलेलाच राहतो.

एलिमेंट बदल

पाणी बंद, टाकी पूर्ण गार, गरम पाण्याचा नळ उघडा, मग प्रेशर रिलीफ व्हॉल्व्ह उचलून दाब सोडला. त्यानंतरच १-१/१६ इंची सॉकेटने अ‍ॅनोड काढला. हा क्रम चुकवला तर रॉड हातात आणि पाणी तोंडावर. एलिमेंटला १-१/२ इंची सॉकेट लागतो. तो पातळ भिंतीचा घ्या, जाड सॉकेट खोबणीत बसत नाही.

जुनं एलिमेंट बघण्यासारखं निघालं. वरच्या दांडीवर फोड येऊन कवच उकललेलं, खालची दांडी मात्र बऱ्यापैकी स्वच्छ. क्षाराने मेलेलं एलिमेंट असं दिसत नाही, त्याच्यावर सगळीकडे पांढरी खपली असते. हे कोरडं जळालंय. हिवाळ्यासाठी टाकी रिकामी करून बायपास व्हॉल्व्ह फिरवलेला असतो. वसंतात तो तसाच राहिला तरी गरम पाण्याच्या नळाला धार व्यवस्थित येते, कारण गार पाणी टाकीला वळसा घालून थेट येतं. धार बघून टाकी भरली असं वाटतं, स्विच दाबला जातो आणि एलिमेंट बघता बघता जातं.

नवीन: १४४० वॅट, १२० व्होल्ट, १ इंची आट्यांचं, नव्या रबरी वायसरसकट. जुना वायसर परत लावू नका. भारतातून येताना गीझरचं एलिमेंट आणायचा मोह होत असेल तर हिशोब करा: २३० व्होल्टचं २००० वॅटचं एलिमेंट १२० वर जेमतेम ५४४ वॅट देतं, आणि आटे जुळतीलच असं नाही. अ‍ॅनोड अर्धा शिल्लक होता, टेफ्लॉन टेपचे दोन वेढे देऊन तोच बसवला. टाकी भरताना गरम पाण्याचा नळ फुरफुरणं थांबून अखंड धार येईपर्यंत उघडा ठेवला, मगच वीज.

फेरा २: इथे खरी गंमत

१०.९ अँपिअर. थोडे कमी, पण ठीक वाटले. २० मिनिटांनी शून्य. विजेच्या बाजूचं रिसेट बटण उडालेलं, दाबल्यावर 'टिक'. पाणी मोजलं तर ३३ अंश सेल्सिअस! हे सुरक्षा बटण साधारण ८२ अंशांना उडायला हवं, थर्मोस्टॅट ५४ ला. बटण दाबून पुन्हा चालू केलं, पुन्हा उडालं. असं दाबत बसण्याने दोष झाकला जातो, आणि इथला दोष आग लावणारा होता.

लोड चालू असताना (इन्शुलेटेड प्रोब, एक हात खिशात) वाटेतल्या प्रत्येक जोडावर व्होल्टेज ड्रॉप (जोडातच वाया जाणारे व्होल्ट) मोजला. ब्रेकर ते रिले (पॅनेलच्या बटणाच्या इशाऱ्यावर वीज जोडणारा स्विच) ०.३. रिलेच्या पॉइंटवर ०.१. थर्मोस्टॅटच्या एका चपट्या लगवर (वायरीच्या टोकाच्या पत्र्याच्या जोडावर) तब्बल ६ व्होल्ट. ६ गुणिले १०.९ म्हणजे ६५ वॅट उष्णता एवढ्याशा पत्र्यात, आणि तीही सुरक्षा बटणाच्या, उष्णता ओळखणाऱ्या तबकडीला खेटून. पाणी गार असतानाच तबकडी तापून सुटत होती. लग काढली तर तांबूस-काळी पडलेली, बोटांनीच निघाली, वायरचं इन्शुलेशन अर्धा इंच करपलेलं. नुसत्या ओहम मीटरवर हाच जोड बिनचूक दाखवत होता. मीटर मिलिअँपिअर पाठवतो, एलिमेंट ११ अँपिअर ओढतं.

करपलेला तुकडा छाटला, नवी लग नीट क्रिम्प केली (त्यासाठीच्या हत्याराने आवळून, साध्या पकडीने दाबून नाही). तापलेल्या टर्मिनलचा स्प्रिंगपणा जातो, म्हणून थर्मोस्टॅट आणि सुरक्षा बटण जोडीने बदललं. बसवताना तबकडी टाकीला पूर्ण टेकली की नाही तेवढं बघितलं.

आत्ताची नोंद: एलिमेंटवर ११६ व्होल्ट, ११.५ अँपिअर, लगवर ०.१ व्होल्ट. १८ अंशांचं पाणी ४६ मिनिटांत ५४ वर आणि थर्मोस्टॅट स्वतःहून सुटला. बाकी: रिलेचे पॉइंट साफ करायचेत, आणि बाहेरच्या स्विचवर लाल टेप लावायची, बायपास बघितल्याशिवाय न काढण्याची.