भावी नगरसेवक आणि आमचा मठ्ठा

लग्नाचं गिऱ्हाईक परवडलं. मुलीचे वडील रुपया-रुपयावर घासाघीस करतात, पण ॲडव्हान्स वेळेत देतात आणि मांडव उतरायच्या आत हिशोब मिटवतात. आमच्या मामांच्या केटरिंगमध्ये हिशोब आणि वाढपी पोरं मी बघतो, म्हणजे थोडक्यात शिव्या खायचं खातं माझ्याकडे, आणि आमच्या नशिबात गिऱ्हाईक आलं ते भावी नगरसेवकाचं.

पुणे महापालिकेची मुदत संपली मार्च 2022 ला आणि निवडणुकीला उजाडला जानेवारी 2026. तोवर भाऊ भावीच. आणि भावी राहायचं तर लोकांना खायला घालत राहावं लागतं, कोजागिरीला मसाला दूध, दिवाळीला फराळ, आणि वाढदिवसाला अख्ख्या प्रभागाला मसालेभात, जिलेबी, मठ्ठा. त्यात वहिनी कुठल्यातरी बिल्डरच्या लग्नाला जाऊन आल्या आणि लाईव्ह पास्ता काउंटर पाहिजेच म्हणून बसल्या. आमच्या आचाऱ्याने पास्त्यात गपचूप गोडा मसाला घातला. तोच आधी संपला!

खरी गंमत ताटांची. आमचं बिल ताटावर. त्यामुळे खरकटी ताटं क्रेटमध्ये पडतात तिथे आमचा पोरगा खडूने रेघा मारत बसतो, चार उभ्या एक आडवी, आणि त्याच्या डोक्यावर भाऊंचा माणूस उभा राहून मनात मोजतो. आमची 812 भरली तेव्हा त्याची 640.

"कार्यकर्त्यांची धरली नाहीत," तो म्हणाला.

मामा म्हणाले, "अरे पण दोनदा जेवले तेच ना?"

वर 5 टक्के जीएसटी लावला तर भाऊ, "मामा, घरच्या माणसाला कसला जीएसटी?" घरचा माणूस व्हायचं हे असं महागात पडतं बघा. 19 किलोचा निळा सिलेंडर मात्र आम्हाला रोखीतच घ्यावा लागतो, किराणावाला पण हल्ली तोंड फिरवतो, उधारी देणारे जगात फक्त आम्हीच.

नोव्हेंबर 2025 ला आरक्षणाची सोडत निघाली आणि भाऊंची जागा गेली महिलांना. संध्याकाळी चौकातला फ्लेक्स बदललेला, भाऊ एकदम कोपऱ्यात स्टॅम्पएवढे आणि मधोमध वहिनी, भावी नगरसेविका. त्या रात्री पुन्हा जेवण, आणि मागचं बिल? "आता वहिनींच्या खात्यात टाका."

डिसेंबरात आचारसंहिता लागली. आता उमेदवाराच्या खर्चात चहा-वडापावसुद्धा ठरलेल्या दराने धरतात, त्यामुळे जेवण पाहिजे पण बिलावर नाव नको असा निरोप आला. मामांनी पहिल्यांदाच ताठ नकार दिला (मला वाटतं तत्त्वापेक्षा मागच्या थकबाकीमुळे, पण असो). इतकं करून अर्ज भरायच्या शेवटच्या दिवशी एबी फॉर्म, म्हणजे पक्षाच्या तिकिटाचा कागद, तिसऱ्याच कुणाला मिळाला. आमच्या गोडाऊनमध्ये विजयाच्या लाडवांसाठी आणून ठेवलेलं बेसन, आचारी डोक्याला हात लावून बसला, मग दोन बारशांत आणि एका साठीशांतीत ते कसंबसं खपवलं.

निकालानंतर भाऊंचा फोन. मी बिलाची फाईल काढेपर्यंत तिकडून सुरू, "2029 ला विधानसभा आहे, आता आमदारकीच बघायची. मामांना विचार, हजार ताटांचा काय रेट?"

मी फोनवर हात ठेवून मामांकडे बघितलं. मामा कॅल्क्युलेटर शोधत होते.