फ्रास्कातीची फोयेत्ता

रोमच्या तेर्मिनी स्टेशनातून फ्रास्कातीची लोकल पकडली की अर्ध्या तासात आपण टेकडीवर. इथल्या साध्या वाइनच्या अड्ड्यांना फ्रास्केत्ता म्हणतात. वाइन त्यांची, खाणं आपलं! आम्ही पोर्केत्ता, म्हणजे मसाला भरून भाजलेलं डुक्कर, कागदात बांधून नेलं होतं.

मी पाटीवर वाचून अर्धा लिटर पांढरी वाइन मागितली. शेजारच्या बाकावरच्या आजोबांनी 'फोयेत्ता' मागितली. दोघांपुढे अगदी सारखंच काचेचं भांडं आलं. आपल्याकडे किलो येऊन इतकी वर्षं झाली तरी भाजीवालीकडे 'पावशेर मिरच्या' मागतात, तसलाच प्रकार.

खरी जुनी फोयेत्ता मात्र थोडी लहान होती. पोपच्या राज्यातला रोमचा बारीले, म्हणजे पिंप, 58.34 लिटरचा, त्यात 32 बोक्काले आणि प्रत्येक बोक्कालेच्या चार फोयेत्ता. हिशेब केला तर 0.456 लिटर. दशमान पद्धत आली तेव्हा माप फुगून अर्ध्या लिटरवर गेलं, नाव तेच राहिलं. पिणाऱ्याला दोन घोट जास्तच मिळाले, तक्रार कोण करणार?

भांडं काचेचं असण्यामागेही कारण आहे. मातीच्या मापात किती ओतलंय ते गिऱ्हाइकाला दिसायचं नाही आणि गुत्तेवाल्यांचं फावायचं. पोप सिक्स्तुस पाचवे यांच्या काळात (1585-90) आरपार दिसणारी काचेची मापं आली. पोपने वाइनच्या मापात लक्ष घालावं, हे मला तरी फार आवडलं.

रोमच्या वेशीबाहेर पडलं की हा हिशेब मोडायचा. फ्लॉरेन्सचा बारीले 45.58 लिटरचा, त्यात 20 फियास्को. तिथेच तेलाचा बारीले मात्र साधारण 33 लिटरचा! तुरिनमध्ये ब्रेंता सुमारे 49 लिटरची, तर मिलानमध्ये त्याच नावाची ब्रेंता 75 लिटरच्या वर. व्यापाऱ्यांचे काय हाल होत असतील! इटली एक झाल्यावर 1861 मध्ये कायद्याने सगळीकडे लिटर आणला तो उगाच नाही.

जाणार असाल तर पोर्केत्ता आधी घ्या, आणि परतीच्या शेवटच्या गाडीची वेळ पहिल्या फोयेत्ताआधी बघून ठेवा. नंतर बघणं होत नाही.