तुम्ही विचारलंत म्हणून: ती गोळी आणि माझं पोट

देवळात, बसस्टॉपवर, लग्नाच्या पंगतीत, कुणीतरी बाजूला घेऊन विचारतंच, "तुमचं कॅन्सरचं सगळं संपलं ना हो, मग अजून गोळ्या कसल्या?" आणि ज्यांच्या घरात कुणाला हीच गोळी चालू झालीय त्या आणखी हळू आवाजात विचारतात, "पोटाचं कसं करता? बाहेर कशा पडता?" परवा म्हार्दोळला एका बाईंनी विचारलं तेव्हा मागून आरती सुरू झाली, उत्तर अर्धंच राहिलं. म्हणून आता सगळं एकदाच लिहिते.

ऑपरेशन झालं, केमो झाली, रेडिएशन झालं. माझा कॅन्सर स्तनाचा, हार्मोनवर वाढणारा, हर-टू निगेटिव्ह (म्हणजे हर-टू नावाचं प्रथिन जास्त नसलेला), आणि काखेतल्या गाठींत पोचलेला, म्हणजे परत यायची भीती जास्त. म्हणून लेट्रोझोल ही हार्मोन कमी करणारी गोळी, आणि तिच्या जोडीला दोन वर्षं अबेमासिक्लिब, सकाळ-संध्याकाळ १५० मिलिग्रॅम. तुम्ही विचारता ती गोळी ही अबेमासिक्लिब. ही केमो नाही, पेशींना वाढायचा हुकूम देणारी जी प्रथिनं असतात त्यातल्या दोघांना ती अडवते. केस गेले नाहीत, उलट आलेच, त्यामुळे लोकांना वाटतं मी ठणठणीत.

आणि आठव्या दिवशी पोट सुटलं. ही गोळी घेणाऱ्या १०० बायकांत ८० हून जास्त जणींना हे होतं, बहुतेकींना सौम्य, आणि पहिला महिना सगळ्यात वाईट, हे मला सांगितलेलं होतं, कागदही दिला होता. पण कागदावर "जुलाब" वाचणं वेगळं आणि आठवीच्या वर्गात फळ्याकडे तोंड करून उभं असताना पोटात ती कळ येणं वेगळं. मुलं म्हणायची, टीचर परत स्टाफरूमला गेली. मी दोन महिने कुणाला काही बोलले नाही. मला वाटायचं एवढ्या मोठ्या आजारातून वाचलो आणि आता संडासाच्या तक्रारी काय घेऊन जायच्या डॉक्टरकडे, आणि खरं सांगायचं तर भीती ही की सांगितलं तर गोळी बंद करतील.

मग फोंड्याहून पणजीला जाताना बाणस्तारीच्या पुलावर बस अडकली. पुढे ट्रक बंद पडलेला, खिडकीबाहेर नदी, आणि मी दोन्ही हातांनी पुढच्या सीटचा दांडा धरून आकडे मोजतेय. वीस मिनिटं असतील, मला वर्ष वाटलं. शेवटी कंडक्टरला हळूच सांगितलं, त्या पोराने एक शब्द न विचारता दार उघडलं आणि पुलापलीकडच्या एका घरापर्यंत स्वतः चालत आला. त्या घरातल्या आजींनी पण काही विचारलं नाही, पाण्याची बादली दाखवली. घरी येऊन खूप रडले, पण दुसऱ्या दिवशी डॉक्टरना फोन केला.

त्या चिडल्याच. "टीचर, हे मला दोन महिन्यांनी सांगताय? दिवसाला किती वेळा?" मला सांगता येईना. "बऱ्याच" हे काही उत्तर नाही म्हणाल्या, मोजा. आणि लोपेरामाइड, म्हणजे जुलाब थांबवायची गोळी, पहिल्या पातळ शौचालाच घ्यायची, मी करायचे तसं "बघू थांबतंय का" म्हणून तीन वेळा वाट बघायची नाही. मला सुरुवातीला दोन, मग प्रत्येक वेळेला एक, तुमचे डॉक्टर सांगतील ते धरा. ताप आला, चक्कर आली, लघवी कमी झाली तर लगेच फोन.

मग मोजायला लागले. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर पेन्सिलीने रेघा. आता गंमत अशी की आमच्याकडे पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, हिशेबही त्याच कॅलेंडरवर, आणि महिनाअखेरीला आमच्या यजमानांनी माझ्या रेघा पावांत धरून पोदेराला पैसे दिले. तो बिचारा दुसऱ्या दिवशी परत करायला आला, बाय, एवढे उंडे मी दिलेच नाहीत म्हणून. त्या दिवशी मी कितीतरी महिन्यांनी पोट धरून हसले, आणि यजमानांना खरा आकडा तेव्हा कळला.

तोच आकडा घेऊन डॉक्टरकडे गेले. त्यांनी काही दिवस गोळी थांबवली, मग १५० ची १०० केली. मी विचारलं, अर्धवट औषध नाही ना होणार हे? तर म्हणाल्या की डोस कमी कराव्या लागलेल्या बायकांचा अभ्यास झालाय, त्यांचाही फायदा घटलेला दिसला नाही, घाबरून गोळी सोडून देणं मात्र नको. हे मला दोन महिने आधी कळलं असतं तर पुलावरचा तमाशा वाचला असता.

खाण्याचं विचारता, तर उकड्या तांदळाची पेज आणि मिठातली तोर म्हणजे कैरी, वाईट दिवसांत एवढंच. दूध आणि माशांचं तिखट हुमण बंद, सोलकढी मला चालते, माझ्या ओळखीतल्या एकीला नाही चालत. ग्रेपफ्रूट खायचं नाही असं कागदावर आहे, ते इथे खातंय कोण, पण त्याचाच भाऊ म्हणजे आपलं तोरंजन (पपनस), म्हणून डॉक्टरनी तेही नको सांगितलं. चतुर्थीला गणपतीच्या वर बांधतात त्या फळांच्या माटोळीवरचं सगळ्यांनी सोलून खाल्लं, मी नुसता वास घेतला.

अजून एक, कारण यावर मी एक अख्खी रात्र जागलेय. रिपोर्टमध्ये क्रिएटिनिन, म्हणजे किडनी तपासायचा रक्तातला आकडा, वाढलेलं आलं, ०.८ चं १.२, आणि एका नातेवाइकांनी फोनवरच किडनी गेली म्हणून जाहीर केलं. ही गोळी किडनीतून क्रिएटिनिन बाहेर टाकायची वाटच थोडी अडवते, त्यामुळे किडनी चांगली असूनही आकडा चढतो. खात्रीसाठी सिस्टॅटिन सी म्हणून किडनीचीच दुसरी टेस्ट केली, ती नॉर्मल. पण पाय एकाच बाजूने सुजला किंवा एकदम दम लागला तर ते रक्ताच्या गाठीचं असू शकतं, तिथे नातेवाईक नको आणि पेज पण नको, सरळ हॉस्पिटल.

आता चौदावा महिना. पूर्ण बरं आहे असं नाही, पणजीला अजून सकाळी लवकर, रस्ता मोकळा असतानाच जाते, आणि पर्समध्ये एक जोड कपडे असतातच.

आज सकाळी पोदेराच्या भोंग्याचा पोंक पोंक आला तसं यजमानांनी दारातून ओरडून विचारलं, "आज किती?" मी म्हटलं, "एक." तर हा माणूस खरंच एकच उंडो घेऊन आला.