बाईंना लॉट लागला

१७ मे २०२२. म्हापशातल्या आमच्या शेअर-दलालीच्या ऑफिसात बाई पावणेनऊलाच येऊन बसल्या होत्या. मला त्या चौथीला होत्या, त्यामुळे ग्राहक त्या असल्या तरी उभा राहतो मी. पिशवीत मानकुराद आंबे आणि त्यांची हिशेबाची वही.

त्या दिवशी एलआयसीचं लिस्टिंग, म्हणजे आयपीओत (पहिल्या जाहीर विक्रीत) वाटलेला शेअर बाजारात पहिल्यांदा उघडणार. बाईंना एक लॉट, म्हणजे अर्जाचा किमान गठ्ठा, लागला होता, १५ शेअर. किंमतपट्टा ९०२ ते ९४९, भाव ठरला ९४९; किरकोळ गुंतवणूकदाराला ४५ रुपये सूट, म्हणजे ९०४ ला पडला. खरं तर बाई पॉलिसीधारक, त्यांना ६० ची सूट मिळायची. पण पॉलिसीला पॅन जोडायची मुदत २८ फेब्रुवारीला संपली आणि त्यांना आठवण करायची माझ्याकडून राहून गेली. हे मी त्यांना अजून सांगितलेलं नाही.

नव्या शेअरला नऊ ते दहा प्री-ओपन असतं, म्हणजे व्यवहार सुरू होण्याआधी उघडायचा भाव ठरवायची वेळ. पावणेदहापर्यंत ऑर्डरी पडत होत्या आणि स्क्रीनवरचा संभाव्य भाव हलत होता. तो ९०० च्या वर काही टिकेना. मी स्क्रीन हळूच माझ्याकडे वळवली. बाईंनी ती परत फिरवली. दहाला मुंबई शेअर बाजारात (बीएसई) ८६७.२० ला उघडला.

"किती गेले?"

"शेअरमागे ३६ रुपये ८० पैसे. सगळे मिळून ५५२."

बाईंनी वही काढली. आदल्या जुलैची ओळ दाखवली: झोमॅटो, ७६, लागला नाही, ११६ ला उघडला. १९५ चा लॉट होता, पहिल्याच मिनिटाला ७,८०० सुटले असते.

"मेळूंक ना तें वयर गेलें, मेळ्ळें तें सकयल आयलें," बाई म्हणाल्या. मिळालं नाही ते वर गेलं, मिळालं ते खाली आलं. वर्गाबाहेर त्या मधूनच कोकणीत बोलतात.

याला मी नशीब म्हणत नाही. झोमॅटोचा किरकोळ कोटा सातपटीहून जास्त भरला होता, म्हणून सोडत, म्हणून बहुतेकांना भोपळा. एलआयसीचा दुप्पटही भरला नाही. जाणते लोक जिथे धावतात तिथे आपल्या वाट्याला चिमूटभर येतं, आणि ते जिथून काढता पाय घेतात तिथे ताट भरून वाढतात. ‘आयपीओत सरासरी इतके टक्के सुटले’ असे आकडे फिरतात ना, ते प्रत्येक इश्यूत सारखेच शेअर मिळाले असं धरून काढलेले असतात. तसे मिळतात कुणाला? ग्रे मार्केटचा प्रीमियमही, म्हणजे लिस्टिंगआधीच्या अनधिकृत बाजारात इश्यूच्या भावावर मिळणारी जादा रक्कम, आधीच शून्याखाली गेला होता. तो पाहूनही मी बाईंना "बघू, उघडेल चांगला" म्हणत राहिलो होतो.

हे सगळं मी त्यांना नीट समजावलं. त्यांनी ऐकून घेतलं, वहीत ५५२ लिहिलं, खाली रेघ मारली.

"आणि तुला किती लॉट लागले?"

मी अर्जच केला नव्हता. तसं सांगितलं.

बाईंनी चश्म्यावरून एकदा पाहिलं, आणि पिशवीतले आंबे पिशवीतच ठेवून त्या उठल्या.