बूथपासून बटणांच्या फोनपर्यंत : आमची वाटचाल

चिपळूणच्या बाजारपेठेत १९९० च्या दशकात आमच्या वडिलांनी एस.टी.डी. बूथ थाटला, तेव्हा गिऱ्हाइकाला फोन वापरता येतो की नाही हा प्रश्नच नव्हता. नंबर लिहिलेली चिठ्ठी पुढे करायची, वडील नंबर लावून देत आणि पलीकडून आवाज आला की रिसीव्हर हातात देत. रात्री उशिरा दर पावपट होत असल्याने मुंबईतल्या मुलाशी बोलायला म्हातारी माणसे जेवणे उरकून येत. पुढे मोबाइल आला, बूथ बंद झाले आणि नंबर लावून देणारा तो मधला माणूसही नाहीसा झाला. तरुणांना त्याची उणीव भासली नाही. साठी-सत्तरीच्या माणसांना मात्र भासली, आणि ज्येष्ठांना जमेल असा फोन निवडून, लावून देण्याचा आमचा आजचा धंदा त्याच उणिवेवर उभा आहे.

ऑक्टोबर २००२ मध्ये बीएसएनएलची मोबाइल सेवा सुरू झाली आणि मे २००३ पासून येणारे कॉल मोफत झाले, त्यानंतर खेड्यापाड्यांतून फोनची मागणी वाढली. त्याच वर्षी आलेला नोकिया ११०० हा हँडसेट आम्ही अजूनही मापदंड मानतो. धूळ आत जाऊ न देणारी बटणे, हातातून न निसटणाऱ्या कडा आणि एक बटण दाबून लागणारी बॅटरी, म्हणजे विजेरी. पावसाळ्यात वीज जाणाऱ्या आणि रात्री पाखाडी, म्हणजे दगडी पायऱ्यांची वाट, उतरून जावे लागणाऱ्या कोकणात याहून अधिक काय हवे होते? जगभरात तो २५ कोटींहून अधिक खपला. त्यातल्या बीएल-५सी बॅटरीच्या मापाची बॅटरी आजही अनेक बटणांच्या फोनांत बसते, म्हणून फोन निवडताना आम्ही अजूनही मागचे झाकण उघडून ती आधी पाहतो. बॅटरी सहज मिळत असेल, तर तो फोन वर्षानुवर्षे चालतो.

खरा बदल सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आल्यानंतर झाला. नेट स्वस्त झाले, चाकरमानी गणपतीला येताना आपला जुना टचचा फोन आईवडिलांसाठी आणू लागले आणि अनंत चतुर्दशीनंतर ते फोन एकेक करून आमच्या काउंटरवर येऊ लागले. तक्रार जवळजवळ एकच असे : वाजतो, पण उचलता येत नाही. फोनमध्ये काही बिघाड नसे. येणारा कॉल घेण्यासाठी गोल चिन्ह बोटाने सरकवावे लागते. वयाने त्वचा कोरडी झालेली असते, त्यातून शेतात काम केलेली बोटे असतात, आणि पडद्याला तो स्पर्श नीट कळत नाही. हात कापत असेल, तर सरकवण्याऐवजी नुसतेच टेकवले जाते. शिवाय वयानुसार आधी उंच पट्टीतले स्वर ऐकू येईनासे होतात. मुलाने हौसेने लावलेली किणकिणणारी रिंगटोन शेजाऱ्याला ऐकू येते, आजींना येत नाही. खालच्या पट्टीतली साधी घंटा लावून दिली की निम्मे काम होते.

तेव्हापासून आम्ही शक्यतो वापरणाऱ्या माणसालाच दुकानात बोलावतो. मुलगा पुण्याहून फोनवर मॉडेल सांगतो, पैसेही पाठवतो, तरी आम्ही म्हणतो की काकांना एकदा पाठवून द्या. ते आले की चालू फोन हातात देऊन दुसऱ्या फोनवरून रिंग द्यायची आणि "काका, जरा उचला बघू" एवढेच म्हणायचे. कोणता फोन चालेल हे त्यातच बहुधा ठरून जाते. श्रवणयंत्र असेल, तर ते कानात ठेवूनच बोलायला सांगतो, कारण काही हँडसेटजवळ यंत्रात खरखर येते.

मात्र त्याआधी गाव कोणते, हे विचारावे लागते. सह्याद्रीच्या पायथ्याच्या वाडीत कोणत्या कंपनीची रेंज मिळते, यावर फोनचा प्रकार ठरतो. जिओचे २जी नेटवर्कच नाही, त्यामुळे जुना किंवा स्वस्त २जी फोन घेऊन त्यात जिओचे सिम घातले तर तो लागत नाही. तेथे ४जीचा बटणांचा फोनच लागतो. २०१७ च्या जिओफोनला १,५०० रुपये अनामत होती, २०२३ मध्ये आलेला जिओभारत ९९९ रुपयांचा होता. या दोन्हींमुळे ४जी आणि बटणे यांची सांगड सामान्य माणसाच्या ऐपतीत आली. खास ज्येष्ठांसाठी त्याआधीच आयबॉल आसान हा फोन आला होता, पुढे इझीफोन आला. मोठी बटणे, मागे संकटाचे बटण, इझीफोनसोबत फोन नुसता वर ठेवला की तो चार्ज करणारा स्टँड, हे सारे उपयोगाचे आहे. पण साध्या फोनच्या दुप्पट-तिप्पट किंमत ज्याचा हात कापतो किंवा जो घरात एकटा राहतो त्यानेच मोजावी, असे आमचे मत आहे. १ जानेवारी २०१७ पासूनच्या नियमानुसार साध्या फोनमध्येही ५ किंवा ९ चे बटण दाबून धरले की मदतीची हाक जाते, आणि ११२ तर कोणत्याही फोनवरून लागतो.

२२ जुलै २०२१ च्या महापुरात दुकानातला माल गेला. नंतरच्या दिवसांत वीज यायच्या आधीच कोठे कोठे रेंज आली, तेव्हा ज्यांच्याकडे बटणांचा फोन चार्ज होता त्यांचा घरच्यांशी आधी संपर्क झाला. त्यामुळे टचचा फोन घेणाऱ्यालाही जुना साधा फोन मोडीत काढू नका, असे आम्ही सांगतो.

हिशेबाचे बोलायचे, तर बटणांच्या फोनवर सुटणारी रक्कम नगण्य असते. म्हणून नंबर मराठीत भरणे, २ वर मुलगा आणि ३ वर मुलगी असे स्पीड डायल लावणे, अक्षर मोठे करणे आणि अनावश्यक सूचना बंद करणे, यासाठी आम्ही वेगळे पैसे घेतो. काहींना ते खटकते; फोन विकत घेतला की शिकवणे फुकट, असा बाजाराचा रिवाज आहे. पण अर्धा तास शांतपणे बसणारा माणूस नेमायचा तर त्याला पगार लागतो. रिचार्जच्या बाबतीत मात्र आम्ही आपणहून स्वस्तातला पर्याय सुचवतो : जानेवारी २०२५ पासून केवळ कॉल आणि एसएमएसचे पॅक मिळू लागले आहेत, आणि बटणांच्या फोनला रोजच्या नेटचे पैसे भरण्याचे काही कारण नाही.

टचचा फोन दोन कारणांसाठी घ्यावा लागतो : परदेशातल्या नातवंडांचे तोंड पाहायला आणि नोव्हेंबरमध्ये चेहरा दाखवून हयातीचा दाखला द्यायला. असा फोन देताना सॅमसंगमध्ये इझी मोड लावतो, आवाज वाढवण्याच्या बटणाने कॉल उचलला जाईल अशी सोय करतो आणि पहिल्या पडद्यावर चारच चिन्हे ठेवतो. यूपीआयचे तेवढे आम्ही सावधपणे करतो. मार्च २०२२ पासून यूपीआय १२३पेमुळे बटणांच्या फोनवरूनही पैसे देता येतात, पण पिन आम्ही कोणालाच टाकून देत नाही, मुलाने फोनवरून सांगितले तरी नाही. ज्याचे खाते त्यानेच, आमच्याकडे पाठ फिरवून, तो स्वतः दोनदा टाकून दाखवायचा. ज्यांना ते जमत नाही, त्यांनी पेन्शन पासबुक घेऊन बँकेतूनच काढावी, असे आम्ही स्पष्ट सांगतो.